पुस्तकात नसलेला पाडवा

लहान मुलांना मोठ्यानं वाचून दाखवण्यात केवढा आनंद असतो, यावर लेख लिहिणाऱ्या मंडळींनी एकदा तरी पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. वेळ दुपारची असावी, मुलांची खिचडी नुकतीच खाऊन झालेली असावी आणि वर पत्रे असावेत. मार्चची सुरुवात असली तर उत्तम. पंधरा मिनिटांनी मी त्यांना आनंदाची व्याख्या विचारीन.

या अंकाच्या संपादकांनी मला पत्र लिहून ‘वाचनानंदाच्या अनुभवातले मोती’ मागितले आहेत. मोती माझ्याकडे नाहीत. बत्तीस वर्षांत हाताला लागलं ते शेंबूड, खडूची भुकटी आणि डावीकडे कायमची वळलेली मान. मानेचं कारण सांगते, कारण त्यात या कामाची सगळी अडचण आली. चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचं तर चित्रं मुलांकडे करावी लागतात. म्हणजे अक्षरं आपल्याकडे आडवी येतात. मग पुस्तक खांद्याशी धरायचं, मान वाकडी करून तिरक्या डोळ्यानं ओळ गाठायची, आणि त्याच वेळी दुसरा डोळा मागच्या रांगेवर ठेवायचा, कारण तिथं कुणीतरी कुणाच्या तरी कानात पेन्सिल घालत असतं. पान उलटलं की पुस्तक डावीकडून उजवीकडे सगळ्यांपुढून फिरवायचं. तरी “बाई, मला दिसंना” येतंच. ज्याला सगळ्यांत चांगलं दिसतं तोच ते ओरडतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. शेवटची अकरा वर्षं तेलगावहून सहा किलोमीटर आत असलेल्या एका वस्तीवर काढली. वस्तीचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं अजून तिथंच राहतात. शाळेत दोन खोल्या होत्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. हेडमास्तर सज्जन माणूस, पण त्यांचा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जायचा. नळ किती, झाडं किती, त्यांतली जगली किती. मुलांना वाचता येतं का, हे मात्र वरून वर्षातून एकदाच विचारायचे, आणि तेव्हा हेडमास्तर मलाच विचारायचे, “काय लिहू?”

वाचून दाखवण्याचा तास मी रोज दुपारी घ्यायचे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. त्या वेळेला पाढे घेतले तर निम्मी मुलं झोपायची आणि उरलेली मारामारी करायची, म्हणून. पालकांना ते पसंत नव्हतं. “गोष्टी काहून सांगता बाई, पाढे घ्या की,” असं एक जण फाटकातून ओरडून गेला होता. त्याचा मुलगा चौथीत होता आणि त्याला सातचा पाढा येत नव्हता, पण तो हेडमास्तरांचा प्रश्न.

मुलं फुलासारखी असतात असं म्हणतात. असतील. माझ्या वर्गात तरी फुलं दोन वाक्यं सलग ऐकून घेत नव्हती. मी म्हणायचे, “एका जंगलात एक ससा राहत होता.”

“बाई, आमच्या वावरात ससा घावलता.”

“बरं. तर तो ससा...”

“बाई, आमी खाल्ला त्यो.”

“बाई, मला बी दिलता. लई गोड लागतो.”

मग कुणी किती तुकडे खाल्ले यावर दहा मिनिटं जायची, आणि पुस्तकातला ससा त्याच्या टोपीसकट बाजूला बसून राहायचा.

आता पुस्तकांबद्दल. ही पुस्तकं खोक्यातून यायची. ती लिहिणारी माणसं कुठं राहतात मला ठाऊक नाही, पण तिथं पाणी नळाला चोवीस तास येत असावं. त्यांच्या गोष्टींतले बाबा ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसायचे, आई टेबलावर सूप ठेवायची आणि शेवटच्या पानावर चिंटूला स्वच्छतेचं महत्त्व पटायचं. माझी मुलं ‘सूप’ म्हटल्यावर हसून लोळायची. त्यांच्या घरात सूप होतं, धान्य पाखडायचं. ते टेबलावर ठेवून ही बाई नवऱ्याला काय खाऊ घालते, असा त्यांना प्रश्न.

म्हणून मी एक कसब कमावलं होतं. डोळ्यांनी एक वाचायचं आणि तोंडानं दुसरं बोलायचं. छापलेलं असायचं ‘बाबा ऑफिसातून आले’, माझ्या तोंडून निघायचं ‘बाप वावरातून आला’. ‘आई’ची ‘माय’ व्हायची, सुपाचं कालवण व्हायचं, आणि चिंटूला काय पटलं ते मी सरळ गाळायचे. हे सगळं न अडखळता, आवाजाची पट्टी न बदलता. मला या कसबाचा अतोनात गर्व होता.

बीडला एका प्रशिक्षणात मी हे बोलून दाखवलं. शिकवायला एक तरुण आला होता. त्याच्या उजव्या हातात सशाचा बाहुला होता, आणि जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तो त्यानं काढला नव्हता. तो सशाची मान हलवत मला म्हणाला, “मॅडम, पुस्तकात जे छापलंय तेच वाचा. बदलायचं असेल तर पुस्तक खाली ठेवून स्वतःची गोष्ट सांगा. दोन्ही एकत्र करू नका.”

मी त्याला विचारलं, “तुम्ही किती वर्षं वर्गावर होतात?”

तो म्हणाला, “मी धोरणावर काम करतो.”

सगळ्या मास्तरणी हसल्या, मी सर्वांत जोरात. त्या दीडशहाण्याचं ते एक वाक्य पुढं खरं निघालं, याचा मला आजही राग येतो.

साक्षी त्याच वर्षी पहिलीत आली. बारीक, काळी, केसांना नेहमी तेल. बोलायची कमी. दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरची निम्मी घरं कुलपात जातात. नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. काही जण लेकरं सोबत नेतात, काही म्हाताऱ्यांपाशी ठेवतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की मग परत. तो होळीला पडेल की पाडव्याला की त्याच्यानंतर महिन्यानं, हे जाणाऱ्यांना ठाऊक नसतं आणि नेणाऱ्या मुकादमालाही नसतं. साक्षीला तिच्या आजोबांपाशी ठेवलं होतं. आबा म्हणायचे त्यांना सगळे. आजी नव्हती. आबा शेळ्या राखायचे आणि दोन्ही वेळेला नातीला भाकरी करून घालायचे.

त्याच सुमाराला खोक्यातून एक पुस्तक निघालं होतं. धवळी नावाची शेळी चरायला जाते. मागं तिची दोन करडं. ती कोंबडीला विचारतात, कावळ्याला विचारतात, लिंबाच्या झाडाला विचारतात, आमची आई दिसली का? प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो. आणि शेवटच्या पानावर: ‘संध्याकाळ झाली. घंटा किणकिणली. आई घरी आली.’ बस, एवढंच. त्यात तात्पर्य नव्हतं, सोफा नव्हता. बऱ्या पुस्तकांतलं ते एक होतं, आणि म्हणूनच त्यानं माझा जीव घेतला. वर्गाला दुसरं चालेचना. मोठ्या माणसाला तीच गोष्ट तीनदा सांगितली तर तो उठून जाईल. लेकरं तीच गोष्ट चाळीस वेळा ऐकतात आणि एकेचाळिसाव्या वेळी तुम्ही कावळा गाळलात तर चोर पकडल्यासारखी ओरडतात. मी ते पुस्तक कपाटावर टाकलं, तर त्यांनी बाकावर बाक चढवून काढलं.

शेवटचं पान आलं की साक्षी उठायची. दप्तर उचलायची, दारात जायची आणि रस्त्याकडं बघत उभी राहायची. रडायची नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, लघवीला निघाली. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. मी ‘संध्याकाळ झाली’ म्हटलं की ती तिच्या मायला घ्यायला निघत होती. सहाव्या दिवशी शेजारची पोरगी म्हणाली, “तुजी माय न्हाई येत, लई लांब गेली ती.” साक्षी तिच्या दंडाला चावली. रक्त आलं. त्या मुलीच्या चुलतीनं शाळेत येऊन जो तमाशा केला तो वेगळाच.

मी दुसरं काही करू शकले असते. पुस्तक घरी नेऊन ठेवता आलं असतं. साक्षीला जवळ घेऊन बोलता आलं असतं. पण माझ्याकडे कसब होतं ना. सातव्या दिवशी शेवटचं पान उघडलं, डोळे ‘संध्याकाळ झाली’वर ठेवले आणि तोंडानं म्हणाले, “पण धवळी लई लांबच्या रानात गेली होती. लई दिवस झाले.”

वर्ग चमकला. साक्षीचा हात दप्तराकडे गेला होता, तो थांबला.

“किती दिस?” तिनं विचारलं. वाचनाच्या तासाला ती पहिल्यांदाच बोलली होती.

लेकरांना ‘लई’ पुरत नाही, आकडा लागतो. मी पान उलटल्यासारखं केलं आणि म्हणाले, “पाडव्याला आली. दारात गुढी उभी होती. घंटा किणकिणली आणि माय घरी आली.”

“पाडव्याला,” साक्षी म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवसापासून ती उठली नाही, चावली नाही. पोटभर खिचडी खायला लागली, अक्षरं गिरवायला लागली. बाकीच्या मुलांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग पाडवा त्यांनीही घेतला. मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं आणि वर ऐकवलं, “याला म्हणतात वाचन. नाहीतर बसा बाहुल्या नाचवत.”

आठ-दहा दिवसांनी आबा शाळेत आले. बाहेर शेळ्या उभ्या करून दारातूनच म्हणाले, “राम राम बाई. येक इचारायचं व्हतं. ही पोरगी रोज सांगती, शेळी पाडव्याला आली म्हून. कोन्ती शेळी?”

मी गोष्ट सांगितली.

आबांनी मान हलवली. “न्हाई बाई. शेळी आशी ऱ्हात न्हाई. दोन येळा करडू पेलं न्हाई तर कास दगडावानी व्हती तिची. वरडत येती ती, दावं तोडून येती. चार महिने भाईर ऱ्हाईल व्हय?”

मला हसू आलं. म्हटलं, “आबा, गोष्ट आहे ती.”

“तुमाला गोष्ट हाय, तिला खरंच वाटतंय,” आबा म्हणाले. “म्या तिला म्हन्लं, कारखान्याचं काय सांगता येत न्हाई, उशीर बी व्हतो. तर मलाच म्हन्ती, तुमाला वाचता येत न्हाई. पुस्तकात लिव्हलंय.”

मी म्हणाले, “पाडव्यापर्यंत येतीलच की आबा. दरवर्षी येतात.”

आबा शेळ्यांकडे वळले. मग “बगा बा” म्हणून निघून गेले. एका अडाणी म्हाताऱ्यानं शेळीच्या कासेवरून माझी गोष्ट तपासली, हे मी संध्याकाळी घरी नवऱ्याला मजेनं सांगितलं.

त्या वर्षी पश्चिमेकडे ऊस फार होता. होळी झाली, तोडीच्या टोळ्या आल्या नाहीत. शाळा सकाळची झाली. मी एकदा साक्षीला म्हणून पाहिलं, “अगं, पाडव्याच्या मागंपुढंही येतील.” तिनं माझ्याकडे, मी पाढा चुकल्यासारखं पाहिलं.

मी तेलगावात भाड्यानं राहत होते. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाल्यावर लक्षात आलं, साखरेची गाठी आणायची राहिलीय. दहा वाजता चौकात गेले. ऊन चांगलंच तापलं होतं. धारूरकडे फुटणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, जिथं उसाच्या ट्रॅक्टरांची सगळी वाहतूक वळते, तिथं डांबराच्या कडेला एका दगडावर साक्षी बसली होती. धुतलेला फ्रॉक, केसांना तेल, पाय अनवाणी. तिच्यापासून दोन हातांवरून मालमोटारी जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर तिचा फ्रॉक उडत होता.

मी पळतच गेले. तिला ओढून पानटपरीच्या सावलीत नेलं. “तू इथं कशी? कुणाबरोबर आलीस?”

“चालत आले.”

“आबांना सांगितलंस?”

“आबा शेळ्या घेऊन गेलते.” मग माझा हात सोडवत ती म्हणाली, “सोडा बाई. मायला मी दिसले न्हाई तर ट्याक्टर फुडं जाईन.”

“साक्षी, माय आज येणार आहे असं कुणी सांगितलं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझा प्रश्नच कळला नाही. “पुस्तकात हाय की.”

मला तेव्हा बोलता आलं असतं. बाळा, पुस्तकात नाही, ते मी घातलं. एवढंच वाक्य. पण भर चौकात, हातात गाठीची पिशवी, ओळखीचा टपरीवाला ऐकतोय, आणि तीस वर्षं तोंडात बसलेला मास्तरणीचा आवाज. तो आवाज म्हणाला, “उद्या-परवा येतील. गाडीला उशीर झाला असेल.”

मी बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, तो तिनं फोडला नाही. अकराच्या सुमाराला आबा आले. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, धोतर गुडघ्यापर्यंत वर, चेहरा राखेसारखा. सगळ्या वस्तीच्या विहिरी पाहून आले होते ते. विहिरी, हे त्यांनी मला सांगितलं नाही. गाडी चालवणाऱ्यानं सांगितलं.

मला वाटलं होतं ते मला चार शब्द सुनावतील. मी त्याची वाटही पाहिली. आबांनी फक्त खांद्यावरचा पंचा काढला, नातीच्या डोक्यावरून घेतला आणि तिला गाडीवर मध्ये बसवलं. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिचे आईबाप त्यानंतर तीन आठवड्यांनी आले.

जूनमध्ये साक्षी दुसरीत आली. सुट्टीत माय घरी होती, त्यामुळे अंगानं जरा भरली होती. मला वाटलं, लेकरू आहे, विसरलं असेल. लेकरं विसरतात हे मोठ्या माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेलं आहे. पावसाळ्यात तिला जोडाक्षरं वाचता यायला लागली, आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत तिनं कपाटातून ते शेळीचं पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडून ती एकेका अक्षरावर बोट ठेवत होती. मी टेबलाशी हजेरी भरत होते, पण कान तिकडेच होते.

“सं... ध्या... का... ळ. झा... ली.”

ती थांबली. मागचं पान पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं. मग मलपृष्ठ पाहिलं, जिथं किंमत आणि पत्ता असतो. सगळं पुस्तक चाळून ती टेबलाशी आली.

“बाई, पाडवा कुटंय?”

मी म्हणाले, “ते दुसरं पुस्तक होतं गं. जुनं. फाटलं ते.”

तिनं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि एका पिवळ्या डागावर बोट ठेवलं. “ह्येच हाय. ही डाळ माझ्या हातातली सांडलती.”

मी हजेरीचं पान उलटलं.

“तुमी म्हन्लता पुस्तकात हाय.”

त्या क्षणी मी खरं सांगितलं असं इथं लिहिता आलं असतं. पण मी म्हणाले, “जा, हात धुऊन ये, घंटा होईल.” ती गेली. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या हात धुण्याची.

दुसऱ्या दिवसापासून साक्षी वाचनाच्या तासाला समोर बसेना. माझ्या खांद्याशी उभी राहायची, अक्षरं दिसतील अशी. आणि मी जरा इकडेतिकडे गेले की कानाशी आवाज यायचा, “बाई, असं न्हाई लिव्हलं.” मी ‘माय’ म्हटलं की, “आई लिव्हलंय.” मी कालवण म्हटलं की, “सूप.” अंगाचा तिळपापड व्हायचा. चार दिवसांत बाकीच्यांनाही चटक लागली. सोळा मुलं आणि मला खांदे दोन. शेवटी पुस्तक जमिनीवर उताणं ठेवलं आणि सगळी त्याच्याभोवती पालथी पडली. अर्धी मुलं उलट्या बाजूनं वाचायला शिकली. मला एक शब्द खाता येत नव्हता. दिवाळीपर्यंत दुसरीच्या सगळ्या मुलांना वाचता यायला लागलं. प्रेमानं नव्हे, संशयानं.

तेवढ्यात वरचे साहेब शाळा पाहायला आले. पालथी पडलेली मुलं बघून त्यांनी आधी नाक मुरडलं. मग एकाकडून वाचून घेतलं, दुसऱ्याकडून घेतलं, आणि उभे राहिले. “मॅडम, हा तर नावीन्यपूर्ण उपक्रम आहे. याचं नाव काय?”

मी म्हणाले, “याला नाव नाही, साहेब.”

हेडमास्तर मागून पटकन म्हणाले, “पडताळा वाचन, सर.” इतक्या वर्षांत त्यांनी एवढ्या चपळाईनं केलेली गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

फोटो निघाले. मुलांना पुन्हा पालथं पडायला सांगितलं, कारण पहिल्या फोटोत साहेब आले नव्हते. महिन्याभरानं मला बीडला बोलावून शाल, नारळ आणि प्रमाणपत्र दिलं, आणि ‘पडताळा वाचनामागची माझी प्रेरणा’ यावर वीस मिनिटं बोलायला लावलं. मी बोलले. पुस्तक जमिनीवर ठेवण्याचे फायदे सांगितले, मुलांच्या नजरेची उंची सांगितली. साक्षीचं नाव घेतलं नाही. पाडव्याचं नाव घेतलं नाही. पहिल्या रांगेत तो बाहुल्याचा तरुण बसून वहीत उतरवून घेत होता. खाली उतरल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मी म्हणत होतो ना, छापलंय तेच वाचा.”

मी “हो” म्हणाले. त्याला वाटलं मी नम्र झालेय.

साक्षीशी मी कधी बोलले नाही. दोन-तीनदा ठरवलं. शब्द जुळवले. पण ती समोर आली की मी तिला फळा पुसायला सांगायचे. तिनंही पुन्हा विचारलं नाही. माझ्या तासाला वेळेवर यायची, अभ्यास करायची, उत्तर बरोबर द्यायची. माझ्याकडे बघून हसायची मात्र नाही.

माझं शेवटचं वर्ष आलं तेव्हा ती तिसरीत, म्हणजे पलीकडच्या खोलीत. दिवाळीनंतर घरं पुन्हा कुलपात गेली, तिचे आईबापही गेले. माझा घसा बसला होता, इतका की आवाजच फुटेना. दुपारची वेळ. पहिलीच्या वर्गात गोंधळाचा कडेलोट. हेडमास्तर पलीकडे मोबाइलवर झाडं मोजत होते. साक्षी दारात आली आणि म्हणाली, “बाई, मी वाचू का?”

मी मान हलवली.

तिनं खोक्यातलं नवं, कोरं पुस्तक घेतलं. कुठल्याशा शहरातल्या बहीणभावांची गोष्ट होती. मुलं भोवती जमली. ती छापल्याप्रमाणे वाचत गेली, सोफा आला तर सोफा, बाल्कनी आली तर बाल्कनी. कुणी विचारलं तर थांबून सांगायची, “बाल्कनी म्हंजी घराच्या भाईर लोंबकळता वटा,” आणि पुन्हा वाचायची. मग एक पान आलं. रात्री सगळे एकत्र जेवायला बसतात, आई वाढते.

आरोही नावाची एक पोर होती, त्याच वर्षी पहिलीत आलेली. तिची माय पंधरा दिवसांपूर्वी तोडीला गेली होती. तिनं ओठ काढले. “माजी माय न्हाई घरी,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी अर्धी उठले. घशातून आवाज आला असता तर मी काय म्हणाले असते, ते मला पक्कं ठाऊक आहे.

साक्षीनं पुस्तक मिटलं नाही. पानात बोट ठेवून ते मांडीवर ठेवलं. “ही पुस्तकातल्यांची गोष्ट हाय,” ती म्हणाली. “त्यांची माय घरी हाय. आपली तोडीला गेलीय. माजी बी गेलीय.”

“कवा येती?”

“पट्टा पडल्यावर.”

“कवा पडतो?”

साक्षीनं माझ्याकडे पाहिलं नाही. “मला माहीत न्हाई,” ती म्हणाली. “आबाला बी न्हाई, बाईला बी न्हाई. कुनालाच माहीत नसतं. पन येती.”

बत्तीस वर्षांत पहिलीच्या वर्गापुढं ‘मला माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. मी खुर्चीत परत बसले.

आरोहीनं बाहीनं नाक पुसलं. थोडा वेळ हुंदके देत राहिली. मग सरकत सरकत साक्षीच्या गुडघ्याला येऊन टेकली आणि पानावर वाकली.

“बरं,” ती म्हणाली. “मग फुडचं वाच.”